घरातल्यांनी नाव सांगावं

आमच्या शहाडच्या वस्तीत विहार म्हणजे पत्र्याची एक खोली होती. भिंती कमरेपर्यंत विटांच्या आणि वर फळ्यांच्या, त्याही एकसारख्या नाहीत. पावसाळ्यात पत्र्यावर इतका गोंगाट व्हायचा की शेजारी बसलेल्याचं बोलणं कळायचं नाही, आणि नेमका पावसाळ्यातच आमचा वर्षावास. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनातल्या पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी तिथे ग्रंथवाचन व्हायचं. वाचणार कोण, हा दरवर्षीचा वाद. पुरुष कारखान्यातून दमून आलेले असायचे, पानभर वाचलं की जांभया सुरू. बायकांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती.

मी नववीत असताना एका संध्याकाळी वाचणारा आलाच नाही आणि आईने मला पुढे ढकललं. अगदी पाठीत हात घालून ढकललं. मी पत्र्यावरच्या गोंगाटाच्या वर आवाज चढवून वाचायला लागले आणि खोलीतली कुजबुज थांबली. मोठी माणसं गप्प बसून आपलं ऐकतात, हे सुख मला त्या दिवशी कळलं. धम्माची ओढ, समाजाचं काम वगैरे मी नंतर भाषणांतून पुष्कळ बोलले आणि ते खोटं नव्हतं. पण सुरुवात तिथून झाली. मला माझा आवाज आवडला होता.

आई कल्याणच्या एका दवाखान्यात आया होती. वडील मी लहान असतानाच गेले. घरात आई, मी आणि माझ्यापेक्षा बरीच धाकटी बहीण, एवढ्याच तिघी. विहारात आई सगळ्यात पुढे बसायची, तरी पत्र्याच्या आवाजात तिचं अर्धं निसटायचं. मग सकाळी भाकऱ्या थापताना ती म्हणायची, "काल कुठवर आलं व्हतं गं? परत सांग." मी स्टोव्हजवळ उकिडवी बसून परत सांगायचे. हळूच सांगायचे, कारण बहीण तिथेच गोधडीत झोपलेली असायची आणि ती उठली की डोक्यावर मिरी वाटायची. आई मध्येच थांबवायची, "म्हंजी त्या बाईचं लेकरू गेलं व्हतं?" असं काहीतरी विचारायची, भाकरी उलटायची, आणि मी पुढे जायचे. गाथासुद्धा मी तिला अशाच सांगितल्या. पाली शब्द तिच्या तोंडात बसायचे नाहीत. ती ते आपल्या पद्धतीने म्हणायची आणि मी हसले की पिठाच्या हाताने चापटी द्यायची.

चाळीच्या टोकाला एक काका राहायचे. कारखान्यात फिटर होते आणि वस्तीचे बौद्धाचार्य. म्हणजे लग्न असो, बारसं असो की मयत, विधी तेच लावायचे. रविवारी पांढरा सदरा-पायजमा घालून, काखेत पिशवी मारून निघायचे ते रात्रीच उगवायचे. माझं वाचन ऐकून त्यांनी मला गाथा शिकवायला घेतलं. कडक माणूस. उच्चार चुकला की म्हणायचे, "शब्द पाली असले तरी ऐकणारा शहाडचा आहे. त्याला ऐकू तरी गेलं पाहिजे." बाईमाणसाने विधी लावायची पद्धत तेव्हा आमच्याकडे नव्हती आणि काकांच्या डोक्यातही तसं काही नसावं. माझा आवाज वाया जाऊ नये, एवढंच त्यांना वाटत होतं.

अंबरनाथच्या एका लग्नात त्यांचा घसा साफ बसला. मी कॉलेजात होते, आई आणि मी पाहुण्या म्हणून गेलो होतो. काकांनी मला हाताने टेबलापाशी बोलावलं आणि पुस्तक हातात दिलं. नवऱ्यामुलाच्या मामाने नाक मुरडलं, "बाई लावणार लग्न?" त्यावर नवऱ्यामुलाची आजी पुढूनच ओरडली, "लावू दे की! निदान ऐकू तरी येईल." मंडप हसला आणि मी लग्न लावलं. फुलं पडत होती, नवरा-नवरी माझ्यामागून प्रतिज्ञा म्हणत होते. घरी आल्यावर आईने माझ्यावरून मीठ-मिरची ओवाळून शेजारच्या चुलीत टाकली. मी म्हटलं, "आई, हे आपल्यात चालत नाही." ती म्हणाली, "माहितीय. गप बस."

त्यानंतर बोलावणी यायला लागली. आधी शहाड, मग उल्हासनगर, टिटवाळा, कल्याणची पूर्व बाजू. बाई लग्न लावते हे बघायलाच काही लोक यायचे. मला बीए झाल्यावर ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका सरकारी कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली. सोमवार ते शनिवार मी तिथे कुणाच्या खिजगणतीत नसायचे, आणि रविवारी पांढरी साडी नेसून टेबलामागे उभी राहिले की मंडप उठून उभा राहायचा.

काकांनी मला एक नियम पहिल्यापासून घालून दिला होता. त्रिसरण-पंचशील झालं की पुढची गाथा म्हणायच्या आधी नाव विचारायचं. लग्न असेल तर नवरा-नवरीने आपापलं नाव सांगायचं. मयत असेल तर गेलेल्या माणसाचं नाव घरातल्यांनी सांगायचं.

"माहीत असलं तरी?" मी विचारलं होतं.

"माहीत असलं तरी. शेजारचं घर असलं तरी. घरातल्यांनी ते तोंडाने घेतलं पाहिजे. काल गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला जीभ वळत नाही बघ. एकदा घेतलं की माणूस रडतो आणि सुटतो. आपण विचारतो ते त्यासाठी."

आणि वर म्हणाले, "आणि रडायचं त्यांनी. आपण नाही. आपला आवाज म्हणजे बसमधला दांडा. दांडाच हलायला लागला तर लोकांनी धरायचं कशाला?"

मी हे पक्कं धरलं. नाव विचारलं की घरातली माणसं कशी कोसळतात, हे मी कितीतरी घरांत पाहिलं. कुणी अर्ध्या नावावर अडायचं, कुणी टोपणनाव सांगायचं आणि मग खरं नाव आठवायला शेजारच्याकडे बघायचं. मी थांबायचे. नाव मिळालं की पुढे म्हणायचे. सुरुवातीला अशा घरातून आल्यावर मला जेवण जात नसे. उल्हासनगरात एकदा एका लहान पोराच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे मयतानंतरच्या विधीला, गेले होते. त्याच्या आईने नाव सांगितलं ते लाडाचं होतं, आणि त्या घरात कुणालाच दुसरं नाव सांगवेना. मी ते लाडाचं नावच गाथेत घेतलं. घरी आले, आईने मटण केलं होतं, मी पोटभर जेवले. जेवताना लक्षात आलं की मला काहीच वाटलेलं नाही. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "पक्की झालीस." मला तो शाबासकीचा शब्द वाटला. तो शाबासकीचाच होता.

माझ्या लग्नाचं काय, असं लोक विचारतात म्हणून सांगून टाकते. एक स्थळ आलेलं, डोंबिवलीचं. मुलगा बरा होता. बघायला आले तो रविवार होता आणि मला कल्याणचं एक लग्न लावून यायचं होतं. मी उशिरा पोचले, पांढऱ्या साडीवर अजून फुलांच्या पाकळ्या चिकटलेल्या. मुलाच्या वडिलांनी चांगल्या शब्दांत विचारलं की लग्नानंतर रविवार घरी मिळेल का. मी नाही म्हटलं. त्यात रागवण्यासारखं काही नव्हतं; ना ते रागावले, ना मी. आईने मात्र कपबशा इतक्या आपटून विसळल्या की एकीचा कान तुटला. "दुनियेची लग्नं लाव," ती म्हणाली, "अन् बस अशीच." मी म्हटलं, बसते. खरंच बसले. त्याचं मला वाईट वाटत नाही, आणि वाटायला हवं असं जे म्हणतात त्यांचा मला राग येतो.

बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा नव्वद साल उलटून गेलं होतं. मुलगा बाळकुमचा, तिकडच्याच एका कंपनीत. आई मला म्हणाली, "तिला बाप नाही. तू तिच्या मागं हुबी ऱ्हा. लगीन काका लावत्याल." काका तेव्हा म्हातारे झाले होते पण लावू शकले असते. मी म्हटलं, "मी दुनियेच्या पोरींची लावते आणि माझ्या बहिणीचं दुसऱ्याने लावायचं? लोक काय म्हणतील?" लोकांचं नाव मी उगाच पुढे केलं. कल्याणची मोठी समिती त्या लग्नाला येणार होती. वैशाख पौर्णिमेला कल्याणला मोठ्या मैदानात या समितीचा कार्यक्रम व्हायचा आणि स्टेजवरून वंदना घ्यायचा मान आजवर बाईला मिळालेला नव्हता. तो मला हवा होता. त्यांनी माझं काम बघावं, माझ्याच घरच्या मंडपात बघावं, असं मला वाटत होतं.

बहीण एकदाच म्हणाली, "ताई, तू माझ्या बाजूला उभी राहिली असती तर बरं वाटलं असतं." मी म्हटलं, "अगं, समोर तर आहे मी."

लग्नात पंचशील झालं आणि मी माईकवर म्हटलं, "वधूने आपलं नाव सांगावं." बहिणीने मान वर केली. मुंडावळ्या नव्हत्या, आमच्यात नसतात, पण केसांत गजरे इतके होते की मान जड झाली होती. तिने डोळे मोठे केले आणि म्हणाली, "ताई, विसरलीस काय?" माईकने ते उचललं. सगळा मंडप हसला, कल्याणची समिती हसली, मीही हसले. मग तिने नाव सांगितलं आणि मी पुढे गेले. पुढच्या वैशाखात मला मैदानातल्या स्टेजवर बोलावलं. तेव्हा समोर एवढी माणसं होती की शेवटची रांग दिसत नव्हती. मी सुरुवात केली आणि ती सगळी माणसं माझ्यामागून एका सुरात म्हणू लागली. आयुष्यात याहून मोठं काही मला मिळालं नाही, आणि ते मिळालं याचा मला आजही आनंद आहे.

लग्नाचा अल्बम आला तेव्हा बहीण माहेरी आली होती. पानं उलटत म्हणाली, "सगळे आहेत ह्यात. तूच कुठे नाहीस."

"ही काय. मधोमध."

"ह्या बौद्धाचार्य बाई आहेत. मी तुला शोधतेय." ती हसतच म्हणाली. आई भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही.

आईचे गुडघे गेले होते. दवाखान्यातून निवृत्त झाली आणि घरात बसली ती बसलीच. मी सकाळी कचेरीत, संध्याकाळी कुणाकडे तरी, रविवारी दिवसभर बाहेर. शेजारणी चहा द्यायच्या, पण शेजारणी त्या शेजारणी. एका रविवारी मी टिटवाळ्याला असताना बहीण आणि तिचा नवरा रिक्षा घेऊन आले आणि आईला, तिच्या ट्रंकेला आणि पितळी डब्याला घेऊन गेले. मी परतले तर दाराला कुलूप. शेजारणीकडे निरोप होता: आई थोडे दिवस बाळकुमला राहील. मला राग आला नाही. सुटल्यासारखंही वाटलं नाही. मी कुलूप काढलं आणि भात टाकला. थोडे दिवस म्हणता म्हणता आई तिथेच राहिली.

शनिवारी कचेरी लवकर सुटायची. मी नौपाड्यातून आईसाठी नानकटाई घ्यायचे, तिला तीच लागायची, आणि बस धरून बाळकुमला जायचे. तिथे तेव्हा शेतं संपत चालली होती आणि इमारती वर येत होत्या. आई खिडकीपाशी खाटेवर बसून ते बघायची. "काल तिथं म्हशी व्हत्या," ती म्हणायची, "आज सळया." बहिणीचं लेकरू तिच्या पायाशी खेळत असायचं. मी नानकटाई ठेवायचे, कचेरीतलं काहीतरी सांगायचे, घड्याळ बघायचे. रविवारची तयारी करायची असायची.

अशाच एका शनिवारी ती म्हणाली, "म्हण की गं जरा. लई दिस झालं."

मी म्हणाले. पाठ ताठ केली, गळा मोकळा केला आणि सुरुवात केली. खोली छोटी होती, आवाज भिंतींवर आपटून परत यायला लागला. लेकरू दचकून रडायला लागलं. आईने हात वर केला.

"असं नको. घरी म्हणायचीस तसं म्हण."

"घरीच तर म्हणतेय."

"नाय गं. स्टोपाशी बसून म्हणायचीस. तसं."

मी आवाज खाली आणला. पुन्हा म्हटलं. तो हळू आवाज होता, पण स्टोव्हजवळचा नव्हता. मैदानातला आवाजच बारीक केलेला होता. मला ते कळलं आणि तिलाही कळलं. मी आणखी एकदा प्रयत्न केला. मध्ये थांबले, ती काही विचारेल म्हणून. तिने काही विचारलं नाही. शेवटी तीच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. दमली असशील." मग खिडकीकडे बघत, "माझ्या टायमाला तूच म्हण बरं का. दुसरा कुणी आणू नका. पण असं नको म्हणू. घरच्यासारखं म्हण." स्वयंपाकघराच्या दारात बहीण उभी होती. तिने ते ऐकलं.

मी हो म्हटलं. मनातल्या मनात ठरवलंही की शहाडला गेल्यावर रोज सकाळी थोडी सवय करायची. केली नाही. सकाळी एकटीने कुणाला म्हणून दाखवायचं?

आई गेली तेव्हा मी कचेरीत होते. साहेबांच्या टेबलावरच्या फोनवर बहिणीच्या नवऱ्याचा आवाज होता. मी ठीक आहे म्हटलं, फोन ठेवला, जागेवर आले आणि मशीनमध्ये अडकवलेलं पत्र पूर्ण केलं. त्यात एकही चूक नव्हती. मग पर्स घेऊन उठले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "अहो, रडा हो." मला त्यांचा संताप आला. रडणं काय मागवून मिळतं?

बाळकुमला पोचले तर बायका दारात होत्या. बहीण माझ्या गळ्यात पडली आणि माझ्या खांद्यावर तिचं सगळं अंग हलत होतं. मी तिला धरून उभी होते आणि मला दिसत होतं की मेणबत्ती वाऱ्याच्या वाटेत ठेवलीय, विझणार. मी कुणालातरी ती आत सरकवायला सांगितली. स्मशानातसुद्धा मी हेच बघत होते: पांढरं कापड पुरेल का, फुलं कुणाकडे आहेत, पुरुषांना रांगेत कोण उभं करतंय. तिथल्या दोन गाथा काकांनी म्हटल्या, अगदी हळू, खुर्चीवर बसून. मला आत कुठेतरी हात घालून बघावंसं वाटत होतं, काही आहे का म्हणून. काही हाताला लागत नव्हतं.

पुण्यानुमोदनाच्या आदल्या संध्याकाळी बहीण माझ्याजवळ येऊन बसली. तिचे डोळे सुजून बारीक झाले होते.

"ताई, उद्या तू माझ्याजवळ बस. काकांना जमलं नाही तर दुसरं कोणी बघू. ह्यांच्या ओळखीचे आहेत एक ठाण्याचे."

"आई बोललेली मीच म्हणायचं."

"आई बोललेली घरच्यासारखं म्हण."

"तसंच म्हणेन."

ती माझ्याकडे बघत राहिली. "जमेल तुला?"

"अगं, माझी आई होती ती."

"माझी पण होती," ती म्हणाली. "मी एकटीच बसू का तिथे?" दोघींपैकी एकीचं ऐकायचं होतं आणि आईचं ऐकलं तर कुणी मला नावं ठेवणार नव्हतं. शेवटी बहीण म्हणाली, "बरं. पण माईक नको. आणि झालं की लगेच माझ्याकडे ये." मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी इमारतीसमोर मंडप होता. टेबलावर पांढरी चादर, मूर्ती आणि तसबीर, बाजूला आईचा फोटो. तिचा एकटीचा फोटो कधी काढलाच नव्हता, म्हणून बहिणीच्या लग्नातल्या फोटोतून तिच्यापुरता मोठा करून घेतला होता. त्यात ती समोर बघत नव्हती, बाजूला कुठेतरी बघत होती आणि तोंडावर कौतुक मावत नव्हतं. कुणाकडे बघत होती ते कापलेल्या भागात गेलं होतं. मी तो फोटो सरळ केला. माईक होताच; मंडपवाल्याने सवयीने लावला होता. मी तो बाजूला ठेवला. बहीण पुढच्या सतरंजीवर बसली होती आणि तिने आपल्या बाजूला थोडी जागा सोडली होती.

गर्दी अपेक्षेपेक्षा जास्त झाली. शहाडची वस्ती आली, कल्याणची समिती आली, मला ओळखणारी माणसं आली. मी हात जोडले, डोळे मिटले. स्टोव्ह आठवला, पिठाचा हात आठवला. आणि हळूच सुरुवात केली. पहिल्या ओळी खरंच बऱ्या निघाल्या. आईला चालल्या असत्या असं मला वाटलं. बहिणीने मान वर केली हे मी डोळे किलकिले करून पाहिलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, आवाज येत नाही!"

मी काही ठरवलं नाही. गळा आपोआप उघडला. पाठ ताठ झाली आणि तो आवाज आला, मैदानातला, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. सगळा मंडप माझ्यामागून म्हणू लागला. त्रिसरण झालं, पंचशील झालं. किती सुरळीत चाललंय हे मला जाणवत होतं आणि बरंही वाटत होतं. पंचशील संपलं तसं मी डोळे उघडले, पुढच्या सतरंजीकडे वळले आणि नेहमीसारखं थांबून म्हटलं, "गेलेल्या व्यक्तीचं नाव घरातल्यांनी सांगावं."

मी काय बोलले ते मला लगेच कळलं नाही. मी नावाची वाट बघत होते. काकांनी खुर्चीत मान खाली घातली तेव्हा कळलं.

बहीण माझ्याकडे बघत होती. मला वाटलं ती म्हणेल, ताई, विसरलीस काय. ती म्हणाली असती तर मी कदाचित तिथेच खाली बसले असते. पण ती म्हणाली नाही. ती उठून उभी राहिली, पदर सावरला, हात जोडले आणि आईचं नाव सांगितलं. आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाला नीट कळावं म्हणून सांगतात तसं. मग ती खाली बसली आणि रडायला लागली. काका सांगायचे तसंच झालं.

मी ते नाव गाथेत घेतलं आणि पुढे म्हणाले. कुठेही अडले नाही.

विधी झाल्यावर मी तिच्याकडे गेले. तिच्या बाजूच्या जागेवर शहाडची शेजारीण बसली होती, तिचं डोकं मांडीवर घेऊन. उठते म्हणाली, मी नको म्हटलं. जेवणाच्या पंगतीत मी भात वाढत फिरले. कल्याणच्या समितीतले एक गृहस्थ मनापासून म्हणाले, "बाई, मानलं तुम्हाला. आवाज जरासुद्धा हलला नाही. स्वतःच्या आईचं आहे असं वाटलंच नाही." पलीकडे बहीण वरण वाढत होती. ती थांबली आणि माझं उत्तर ऐकायला उभी राहिली. मी त्यांना विचारलं, "भात घेता का अजून?"